२९ किलोंचा रिसीव्हर : नागपूर ते पुणे आणि परत

पायोनियरचा एसएक्स-१२५० हा स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र, १९७६ साली बाजारात आला. दर चॅनेलला १६० वॉट, आत भलामोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, शेजारी बावीस-बावीस हजार मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर, वर अक्रोडाच्या लाकडाचे आवरण आणि पुढे ॲल्युमिनियमची नॉब. वजन २९ किलोंच्या आसपास. नागपूरला धरमपेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडचा असा सेट दुरुस्तीसाठी पुण्याला माझ्याकडे आला. निघताना त्याची तक्रार किरकोळ होती. डावा चॅनेल मधूनच गप्प व्हायचा आणि आवाज एकदा मोठा केला की परत यायचा. रिलेचे, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे, काँटॅक्ट काळे पडले की असे होते. तासाभराचे काम.

पोचला तेव्हा काम काही आठवड्यांचे झाले होते. सरांच्या परवानगीने हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. जुनी ऑडिओ यंत्रे, मोठे यूपीएस, ॲम्प्लिफायर, काचेच्या पिक्चर ट्यूबचे मॉनिटर पार्सलने पाठवणारे बहुतेक लोक काळजीत कमी पडत नाहीत. मात्र त्यांची सगळी काळजी बाहेरच्या खोक्यावर खर्च होते आणि यंत्र आतून मोडते.

खोका काय सांगत होता

पार्सल ट्रान्सपोर्टने आले. बाहेरून खोका बरा दिसत होता, एक खालचा कोपरा तेवढा दबलेला. चारही बाजूंनी तपकिरी टेप, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि लाल अक्षरांत ‘काच आहे, सांभाळून’. उचलताना आत काहीतरी सरकल्याचे जाणवले. डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी मी त्यावर शेरा लिहिला : ‘कोपरा दबलेला, आतून आवाज येतो, उघडून पाहिलेले नाही.’ पार्सल घेऊन आलेला मुलगा थोडा नाराज झाला. तरी हा शेरा प्रत्येकाने लिहावाच. कोऱ्या सहीचा अर्थ माल सुस्थितीत मिळाला असा होतो.

पॅकिंग नागपूरच्या एका दुकानाने करून दिले होते. पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका, सगळीकडून अडीच सेंटिमीटरची थर्माकोलची शीट, यंत्राभोवती बबल शीटचे तीन-चार वेढे आणि फटींत वर्तमानपत्राचे बोळे. दिसायला भरगच्च. सरांनी निघण्यापूर्वी फोटो पाठवला होता आणि त्यात खोका अगदी नीटनेटका दिसत होता.

खोका उघडल्यावर मी यंत्र बाजूला ठेवले आणि आधी तळाची थर्माकोलची शीट पाहिली. खरी कहाणी तिच्यावर होती. रिसीव्हरच्या चार पायांनी तिला चार गोल भोके पाडली होती, थेट पुठ्ठ्यापर्यंत. नीट पाहिल्यावर प्रत्येक भोक एकमेकांवर चढलेल्या दोन वर्तुळांचे दिसले, दोन्हींत साधारण एका सेंटिमीटरचे अंतर. म्हणजे खोका निदान दोनदा तळावर आपटला होता आणि मधल्या वेळात यंत्र आत सरकले होते. वर्तमानपत्राचे बोळे दबून सपाट झाले की जागा मोकळी होते. ती जागा यंत्राला हलायला मिळाली होती.

थर्माकोलचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. तो दबतो, धक्का शोषतो, पण दबलेला बऱ्याच अंशी दबलेलाच राहतो. पहिल्या आपटीला त्याने काम केले असेल. दुसऱ्या आपटीला पायांखाली थर्माकोल उरलेलाच नव्हता.

मोडले काय

आवरण काढल्यावर पहिले लक्ष तळाच्या पत्र्याकडे गेले. स्टीलची पट्टी आडवी धरून पाहिली तर ट्रान्सफॉर्मरखाली पत्रा खाली झुकला होता. पट्टी आणि पत्रा यांच्यामधून आगपेटीतली काडी सहज जात होती. ट्रान्सफॉर्मर एका अंगाला कलला होता, त्याच्या तारांनी शेजारच्या बोर्डाला ओढले होते आणि त्या बोर्डाला एका स्क्रूच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर होती. ट्रॅक तुटलेले. ट्यूनिंगच्या नॉबचा दांडा वाकलेला, कारण एक आपट पुढच्या बाजूवर बसली होती आणि सगळ्यांत पुढे आलेला भाग तोच. डायलच्या काचेला कोपऱ्यात तडा. कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर शाबूत होते.

ही यादी बघितली की सूत्र लक्षात येते. बाहेरून काहीही येऊन यंत्रावर आदळले नव्हते. यंत्राला त्याच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरने मोडले होते.

थोडे गणित करू, कारण इथे अंदाजाने काम होत नाही. ट्रान्सफॉर्मर १० किलोंचा धरू आणि खोका ४६ सेंटिमीटरवरून पडला असे मानू. गुडघ्याच्या उंचीवरून, एवढेच. खाली आल्यावर तो किती अंतरात थांबतो यावर सगळे ठरते. थर्माकोल एक सेंटिमीटर दबून यंत्र थांबले, तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट येतो. झटका एकसारखा नसतो, त्याचे टोक सरासरीच्या दुप्पट धरले तर ९० पटींच्या वर. १० किलोंचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी पत्र्यावर ९०० किलोंहून जास्त जोराने दाबतो. १९७६ सालचा असो वा आजचा, कुठलाही पत्र्याचा तळ हे सोसण्यासाठी बनवलेला नसतो. तो टेबलावर ठेवण्यासाठी बनवलेला असतो.

आता तेच यंत्र पावणेचार सेंटिमीटर अंतरात थांबवा. सरासरी १२ पट, टोक २५ पटींच्या आसपास. पत्र्यावर येणारा जोर २५० किलो. सगळे पॅकिंग या थांबण्याच्या अंतरासाठी असते. बबल शीटचे वेढे, टेप आणि लाल अक्षरे हे अंतर वाढवत नाहीत. बबल शीट हलक्या वस्तूला पुरते. २९ किलोंखाली तिचे फुगे फुटतात किंवा पार चपटे होतात.

परतीची तयारी

दुरुस्तीवर इथे फार लिहीत नाही. पत्रा सरळ केला, बोर्डाच्या चिरेवर तांब्याच्या तारांचे पूल टाकले, दांडा लेथवर नवीन बनवून घेतला, डायलच्या दिव्यांसाठी आणि किरकोळ भागांसाठी तपकीर गल्लीत फेऱ्या झाल्या. काच मूळची मिळाली नाही. रिले नवीन बसवला, म्हणजे मूळ तक्रारही गेली.

सर म्हणाले, “आता तुम्हीच गाडीने घेऊन या, मी भाडं देतो.” पर्याय चांगला होता. मागच्या सीटवर पट्टा बांधून नेलेल्या यंत्राइतके सुरक्षित काही नाही, आणि ज्याला ते जमते त्याने तेच करावे. मला त्या महिन्यात जमणार नव्हते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायला मन तयार नव्हते. तिथे बिल्टी (माल बुक केल्याची पावती) नीट मिळतेच असे नाही आणि सामानावर सामान चढते. म्हणून पुन्हा ट्रान्सपोर्टच, मात्र लाकडी क्रेटमध्ये.

पॅकिंगची सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून केली. तो काढून वेगळा पाठवावा का, हा प्रश्न आधी आला. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमधून व्हॉल्व्ह काढून वेगळ्या डब्यात पाठवणे योग्यच असते, ते हाताने निघतात आणि हाताने बसतात. इथे ट्रान्सफॉर्मरच्या तारा डाग देऊन जोडलेल्या. पलीकडे सरांना सोल्डरिंग करायला लावणे मला मान्य नव्हते. म्हणून तो जागेवरच ठेवला आणि त्याला खालून आधार दिला. यंत्राचे चारही पाय काढले आणि त्यांच्याच भोकांतून यंत्र १२ मिलिमीटरच्या प्लायवर बोल्टने बसवले. बोल्टची लांबी इथे फार जपावी लागते. मूळ स्क्रूपेक्षा आत गेलेला बोल्ट एखाद्या बोर्डाला टेकू शकतो, म्हणून प्लायची जाडी, मधली फट आणि वॉशर मोजून बोल्ट कापून घेतले. प्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये बरोबर ट्रान्सफॉर्मरखाली लाकडाचा ठोकळा बसवला, वर दोन मिलिमीटर रबर. ठोकळा पत्र्याला जेमतेम टेकला पाहिजे. जास्त जाड झाला तर तोच पत्रा वर ढकलतो. या ठोकळ्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा जोर पत्र्यावर न येता सरळ प्लायवर येतो. सगळ्या पॅकिंगमधली एकच गोष्ट करायची मुभा असती, तर मी ही केली असती.

नॉब सगळे काढले, प्रत्येकाला कागदात गुंडाळून कोणता कुठला ते लिहिले. पुढच्या बाजूला प्लायची चौकट बसवली. ती दांड्यांच्या टोकांपेक्षा दोन बोटे पुढे येते आणि सांगाड्याच्या कडांवर टेकते, त्यामुळे पुढून आपट बसली तरी भार दांड्यांवर किंवा काचेवर येत नाही. लाकडी आवरणावर आधी मऊ सुती कापड, मग प्लास्टिकची पिशवी, आत सिलिका जेल. जुन्या पॉलिशवर बबल शीट थेट गुंडाळू नये. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये तिचे गोल ठसे पॉलिशवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. हे सगळे सात पदरी खोक्यात घट्ट बसवले. प्लाय आणि खोका धरून वजन ३३ किलो झाले.

फोम किती, कुठला

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘जितका फोम जास्त तितके सुरक्षित’ हे खरे नाही आणि ‘जितका मऊ तितका चांगला’ हेही नाही. गादीचा फोम ३३ किलोंखाली पार बसतो, तळ लागतो, आणि तळ लागला की मधे फोम नसल्यासारखेच. उलट, चांगला घट्ट ईपीई (पॉलिइथिलीनचा पॅकिंगचा) फोम तळभर पसरला तर तो दबतच नाही. ५६ बाय ४९ सेंटिमीटरचा तळ म्हणजे सुमारे २,७४० चौरस सेंटिमीटर. त्यावर ३३ किलो वाटले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर फक्त १२ ग्रॅम. एवढ्या कमी भाराला घट्ट फोम लाकडासारखा वागतो. थांबण्याचे अंतर मिळतच नाही.

त्यामुळे फोमचे क्षेत्रफळ वजनावरून काढायचे. घनमीटरला ३० किलोंच्या आसपास घनतेच्या ईपीई फोमला चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅमच्या आगेमागे भार मानवतो. ३३ किलोंना ६६० चौरस सेंटिमीटर लागतात. तेव्हा तळाच्या चार कोपऱ्यांत १३ बाय १३ चे चार ठोकळे, ६७६ झाले. उंची साडेसात सेंटिमीटर. मधला तळ मोकळा. वरच्या बाजूला तसेच चार ठोकळे, किंचित जास्त उंच, म्हणजे झाकण बसवताना ते थोडे दबतात आणि आत हलायला जागा राहत नाही. बाजूची भिंत मुळातच लहान असल्याने तिथे बराचसा भाग फोमने भरला. दुकानदाराकडे ईपीई मागताना घनता विचारावी लागते. नुसता ‘पांढरा फोम’ म्हटले की सर्वांत हलका माल हातात येतो, आणि तो भारी यंत्राखाली दोन दिवसांत बसतो.

हिशेब कागदावर बरोबर असला तरी पडताळा हवा. यंत्राच्या आकाराची प्लायची पेटी केली, तिच्यात पेव्हर ब्लॉक आणि वाळू भरून ३३ किलो केले आणि ती फोमच्या ठोकळ्यांवर ठेवून क्रेट ४६ सेंटिमीटरवरून सपाट सोडला. मोबाइलमधला सेन्सर इथे कामाचा नाही. बहुतेक फोनचे सेन्सर ८ किंवा १६ पटींच्या पुढे मोजत नाहीत. त्याऐवजी शाडूची माती वापरली. तळाच्या मोकळ्या भागात फोमइतक्याच उंचीचा ओल्या शाडूचा बारीक सुळका उभा केला. आपट बसल्यावर पेटी जितकी खाली येते तितका सुळका चेपतो आणि चेपलेलाच राहतो. उघडून मोजला तर चार सेंटिमीटरच्या थोडा वर. म्हणजे फोम अर्ध्याहून कमी दबला आणि तळ लागला नाही. गणेशोत्सवानंतर घरोघरी शाडू शिल्लक असतो, आणि या कामाला त्याच्याइतके स्वस्त साधन मला दुसरे माहीत नाही.

४६ सेंटिमीटर हा आकडा कुठून आला? पार्सलच्या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेच्या ‘१ए’ चाचणीत १० किलोंपर्यंतचे खोके ७६ सेंटिमीटरवरून टाकून पाहतात, १० ते १९ किलोंचे ६१ वरून, १९ ते २८ किलोंचे ४६ वरून आणि २८ ते ४५ किलोंचे ३१ वरून. एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू, अशा १० आपटी. वजन वाढते तशी उंची कमी होते, कारण भारी खोका कुणी खांद्यावर घेत नाही, फार तर हातातून सुटतो. मानकाप्रमाणे ३३ किलोंच्या खोक्याला ३१ पुरले असते. आपल्याकडे टेम्पोच्या फळीवरून माल ओढून खाली घेतात, म्हणून एक पायरी वरची धरली.

याच तर्काने क्रेटखाली १० सेंटिमीटर उंचीच्या दोन लाकडी धावा ठोकून घेतल्या. खाली ट्रॉलीचे काटे जातात, आणि एकट्याने उचलावे असे ते धूड दिसतही नाही. तीस-बत्तीस किलोंचा पुठ्ठ्याचा खोका एकटा हमाल पाठीवर घेतो आणि ठेवताना कंबर वाकवण्याऐवजी सोडून देतो. दिवसभर शेकडो नग उचलणाऱ्या माणसाला यात दोष कसा द्यायचा? ४७ किलोंच्या क्रेटला तो आपणहून दुसरा गडी बोलावतो.

क्रेट टिंबर मार्केटमधल्या मिस्त्रींनी केला. पाइनच्या पट्ट्यांची चौकट, त्यावर सहा मिलिमीटर प्लाय. झाकणाच्या वेळी त्यांनी विचारले, “साहेब, खिळे ठोकू?” खिळे नकोतच. ठोकताना इकडे धक्के बसतात आणि पलीकडे कुणीतरी हातोडीने उचकटताना तिकडे. सगळीकडे स्क्रू मारले, झाकणावर बाणाने ‘फक्त हे १२ स्क्रू काढा’ असे लिहिले आणि स्क्रू ड्रायव्हरचे योग्य टोक पाकिटात घालून झाकणाला चिकटवले. ठराविक जोराचा धक्का बसल्यावर लाल होणारी दोन लेबलेही बाहेर लावली. त्यांनी धक्का थांबत नाही. पण लोड करणारा ती पाहतो, आणि नंतर वाद झाला तर पुरावा राहतो.

कागदपत्रे

बाहेरचे माप ७४ बाय ६७ बाय ४८ सेंटिमीटर. गुणाकाराला ५,००० ने भागले की आकारमानावरून भाड्यासाठी धरले जाणारे वजन साडेसत्तेचाळीस किलो येते, म्हणजे प्रत्यक्ष वजनाच्या बरोबरीने. हे मुद्दाम साधले होते. मोठ्या हलक्या खोक्यात जास्त फोम भरला असता, तर भाडे हवेचेच द्यावे लागले असते.

येतानाच्या बिल्टीवर ‘जुना रेडिओ’ असे लिहिले होते आणि किंमत नाममात्र. बुकिंग क्लार्कने ‘कमीच टाका, कटकट नको’ असे सुचवले होते म्हणे. हा सल्ला ऐकू नये. रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली आणि २०११ च्या नियमांखाली, पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर मान्य केलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटींपर्यंतच राहते, आणि तीही लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त होत नाही. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. सरांनी ती दिली. माझा डिलिव्हरीवरचा शेरा आणि दोन वर्तुळांच्या भोकांचे फोटो सोबत जोडले. आधी टोलवाटोलवी झाली, मग जाहीर केलेली नाममात्र रक्कम मिळाली. दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. हे पैसे गेले ते त्या एका रकान्यामुळे, आणि मला त्याचे अजून वाईट वाटते.

परतीला खरी किंमत लिहिली, दुरुस्तीचे बिल आणि वर्णन जोडले आणि वेगळा विमा घेतला. विम्याच्या अटी वाचताना दोन कलमे शोधावीत. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते, म्हणून पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवले. बाहेरून काही खूण नसताना आत बिघडलेले यंत्रही बरेचदा वगळतात. तिथे ती लाल होणारी लेबले उपयोगी पडतात. राज्यांतर्गत ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मर्यादा महाराष्ट्रात १ लाख रुपये आहे आणि वापरलेल्या घरगुती वस्तूंना त्यातून सूट आहे. तरी ‘वापरलेली घरगुती वस्तू, दुरुस्तीनंतर परत’ असे पत्र सोबत दिले, वाटेत अडवले तर ड्रायव्हरला दाखवायला.

पोचल्यावर

क्रेट नागपूरला उभाच पोचला. एका धावेचा कोपरा चेमटलेला होता आणि दोनपैकी एक लेबल लाल झाले होते. म्हणजे या वेळीही तो कुठेतरी आपटला होता. सरांनी शेरा लिहून ताबा घेतला आणि झाकण काढताना फोनवर व्हिडिओ चालू ठेवला. फोमचे ठोकळे शाबूत, आतला खोका जागच्या जागी. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी आवरण काढून तळाच्या पत्र्यावर स्टीलची पट्टी धरली. फट नव्हती. ठोकळा काढून पाय बसवले, नॉब बसवले आणि रात्रभर यंत्र तसेच ठेवून सकाळी चालू केले. दोन्ही चॅनेल व्यवस्थित.

क्रेट त्यांनी मोडला नाही, जिन्याखाली ठेवला आहे. पुढे कधी लागलाच तर प्लाय, चौकट आणि धावा तशाच चालतील. तळाचे चार फोम ठोकळे मात्र नवीन कापून घ्यावेत, कारण लेबल लाल करणारी आपट त्यांनी एकदा खाल्लेली आहे.